शेठजींचे चावे आणि मैद्याची खळ

तीर्थरूप आत्येस,

नमस्कार. डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली असेल तर आधी ते घालून घे, पत्र कुठे पळून जात नाही. (वाचून दाखवणाऱ्या शेजारीणबाईंनाही नमस्कार. अक्षर सांभाळून घ्या, दोन बोटांना पट्ट्या आहेत.) ऑपरेशननंतर एका डोळ्याने दिसू लागलं हे कळून जिवात जीव आला. दुसऱ्याचं आता काही होणार नाही, हे तू हवापाण्याच्या गप्पांत हळूच सरकवलंस, तेही लक्षात आलं. पायरी चुकून पडलीस, हे मात्र बाईंकडून कळलं. तरी तू माझ्याकडे राहायला येणार नाहीस, कारण कोणावर भार होणं तुझ्या स्वभावात नाही. बरं. तो विषय मी काढत नाही.

हे पत्र आभाराचं आहे. तुझा हॅमस्टर माझ्याकडे सोपवलास, फार बरं केलंस. (गालांत दाणे साठवतो म्हणून दुकानात सगळे त्याला शेठजी म्हणतात.) पुस्तकबांधणीच्या धंद्यात दिवसभर हात मैद्याच्या खळीत असतात. पहिल्याच सोमवारी एका जाडजूड कोशाला पुठ्ठा चिकटवताना शेठजींच्या जेवणाची आठवण झाली आणि हात तसाच पिंजऱ्यात घातला. शेठजींनी तर्जनीचा वास घेतला, थोडा विचार केला आणि दात रोवले. मी हात मागे खेचला, तर तेही बोटाला लटकून बाहेर आले आणि कोशावर उतरले. तू शिकवलंस तसं साबण लावून बोट वाहत्या नळाखाली धरलं आणि दवाखाना गाठला. काय चावलं, असं कंपाउंडरने विचारलं. एवढ्याशा प्राण्याचं नाव घ्यायची लाज वाटून मी म्हणालो, "घरचंच." त्याने ते लिहून घेतलं आणि लग्नाला किती वर्षं झाली ते विचारलं. धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं, पण डॉक्टरीणबाई अजून मला रस्त्यात थांबवून घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारतात.

मग मी डोकं चालवलं. बांधणीच्या उरलेल्या चामड्याची बोटाला टोपी केली. (आणि ती चिकटवली कशाने, तर त्याच खळीने.) शेठजींनी आधी टोपी खाल्ली, मग बोट. तिसऱ्या खेपेला अंगठ्याची पाळी आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो हुंगून पाहिला आणि म्हणाल्या, "चावल्यावर हात धुता ते चांगलंच आहे, पण आधी धुवून पाहा ना. त्याला हे खाणं वाटतंय." तीस वर्षं या धंद्यात आहे, पण मला खळीचा वासच येत नाही.

तरी मी शेठजींचा ऋणी आहे. पट्टी पाहून छापखान्यातले फोरमन येऊ लागले, वरच्या मजल्यावरचे मास्तर येऊ लागले. घरात दोनच कप होते, आणखी चार घ्यावे लागले. आणि आई गेल्यावर तू मला आणलंस, तेव्हा पहिला आठवडाभर मीही तुला चावत होतो म्हणे. तू मला परत पाठवलं नाहीस. त्याचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानतो.

तुझा पट्टीबंद
भाचा

ता. क. रविवारी शेठजींना न्यायला येऊ नकोस, त्यांच्याजवळ राहायला ये. मागची खोली रिकामी केली आहे, दारातली पायरी काढून जमीन सपाट करून घेतली आहे. मला हात धुवायची आठवण करून द्यायला घरात माणूस हवं. हा भार नव्हे, नोकरी समज.

ता. क. दोन. (बाई, हे जरा हळू वाचा.) आत्या, बोटं बरी होऊन वीस दिवस झाले. शेठजी आता माझ्या तळहातावर बसून जेवतात. आधीच सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, मग माझं तिथे काय काम? काही काम नाही. तरी ये.