नाल्याजवळ लावलेली गाडी

भाविका,

तुला उठवलं नाही. मी खाली तुझ्या गाडीत जाऊन बसतोय. एअरपोर्टला रात्रीच्या ड्युटीवर निघालीस की घरातूनच फोन कर, मी गाडी गेटपर्यंत आणून देतो. नाल्याच्या कडेने एकटी चालत येऊ नकोस.

परवा तिथे दारू पीत बसलेल्यांनी तुझी वाट अडवली, हे मला वॉचमनकडून कळलं. आई गेल्यापासून तू मला जपतेस, ते दिसतं. पण असलं लपवू नकोस गं.

संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलो होतो. फ्लॅट आईच्या नावावर होता, म्हणून कागद बदलेपर्यंत पार्किंग आपलं नाही म्हणे. तेराव्याला आपल्याकडे दोनदा खीर मागून खाल्ली या माणसाने, आणि दुसऱ्या दिवशी आपली जागा स्वतःच्या भाच्याला दिली. वर मला सांगतो, "काका, पोरीला दिवसाची ड्युटी घ्यायला सांगा ना." किळस आली. चहा पुढे केला होता, तो तसाच ठेवून उठलो.

डबा ओट्यावर आहे. भाजी खारट झालीय, चालवून घे.

तू परत येशील तेव्हा भाचा गाडी घेऊन कामावर गेलेला असेल. नाल्याजवळ थांबू नकोस, थेट आत ये. आपल्या जागेवर मी खुर्ची टाकून बसलेला असेन. ज्याला भांडायचं असेल त्याने तिथे येऊन भांडावं. तुझी गाडी दिसेपर्यंत मी उठणार नाही.

पप्पा