पुसलेली शीळ

३ जून

चि. कानसेन यास अ. उ. आशीर्वाद.

आधी बसून घे, मग पुढचं वाच. तुझी भाची बरी आहे. परवा कारखान्यात झाकणं ठोकायच्या यंत्राखाली चिमीचा उजवा हात आला. दोन बोटं गेली. कामाला लागून जेमतेम नऊ दिवस झाले होते. आता डाव्या हाताने चमचा धरते आणि सांडलं की माझ्यावरच चिडते, तेवढ्याने माझ्या जिवात जीव येतो.

मुकादम बाई येऊन गेल्या. म्हणाल्या, दाब खाली येण्याआधी यंत्र बारीक शीळ घालतं, ती ऐकून हात काढायचा असतो. चिमी म्हणते, नव्या कामगारांना शिकवायच्या फिल्ममध्ये अशी शीळ नाहीच, मग गोंगाटात ती ओळखायची कशी? आवाजाचं काम मामाचं म्हणून ही पहिल्या रांगेत बसून बघत होती. साहेबांनी मात्र अहवालात तिचा निष्काळजीपणा लिहिलाय. असा शेरा असल्यावर तिला दुसरीकडे कोण उभं करणार? फिल्मच्या वेळी तू दिवसभर त्या यंत्रापाशी माइक धरून होतास. शीळ असते की नसते, तेवढं कळव. पोरगी स्वतःच्या कानांवर शंका घ्यायला लागली आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी ताई

९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

शीळ असते. तीनदा लिहायला बसलो, या दोन शब्दांपुढे जाता येईना.

माझ्याकडच्या मूळ ध्वनिमुद्रणात ती स्पष्ट आहे. मीच पुसली. कानात सुईसारखी जायची आणि साहेबांना फिल्म प्रसन्न हवी होती, म्हणून तिथे संथ व्हायोलिन टाकलं. मुकादम बाईंनी तेव्हा माझा दंड धरून सांगितलं होतं की चित्र कसंही काढा, ही शीळ तेवढी नीट घ्या, आमचे डोळे कामावर असतात आणि जीव कानात. मी मान डोलावली. नंतर विसरलो, असंही नाही ताई. आवाजाकडे कोण लक्ष देतं, असं दुसरं कुणी म्हणालं तर मी भांडतो. त्या दिवशी तेच स्वतःशी म्हणालो.

चिमीला एवढ्यात सांगू नकोस. क्षमा मागायचीही लाज वाटते.
तुझा अपराधी भाऊ

२ जुलै

चि. भावास आशीर्वाद.

या खेपेला लाडाचं नाव लिहवलं नाही. पहिलं उत्तर फाडून टाकलं.

तू नको म्हणालास तरी पत्र मी त्याच संध्याकाळी चिमीपुढे ठेवलं. तिने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, म्हणजे माझे कान ठीक आहेत. आणि रडली. बोटं गेली तेव्हाही एवढी रडली नव्हती रे.

कबुली माझ्याकडे कशाला पाठवतोस? मी बहीण, आज ना उद्या विरघळेन. साहेबांना लिही, मूळ ध्वनिमुद्रण सोबत जोड. तुझं तिथलं काम जाईल, तर जाऊ दे.

शेरा खोडल्याचा कागद हातात पडेपर्यंत तुझ्याशी अबोला.
ताई

१९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

साहेबांनी आधी उडवून लावलं. मग मी कामगार निरीक्षकांपुढे दोन्ही आवाज लागोपाठ ऐकवले. मुकादम बाई साक्षीला उभ्या राहिल्या. शेरा खोडला, त्याची प्रत सोबत आहे. जुनी फिल्म बंद झाली. माझी दोन कामं गेली, ही तक्रार नव्हे.

मुकादम बाईंनी हट्ट धरला म्हणून नवी फिल्म करतोय. काल त्यांच्याबरोबर चिमी आली. तू कळवलं नव्हतंस. हेडफोन घालून बसली. शीळ वाजताच तिने हात छातीशी ओढला, चेहरा पांढरा पडला. मी थांबवलं, तर म्हणाली, पुन्हा लाव. अकरा वेळा ऐकलं. मग सांगितलं की इथे निवेदन नको, कुणीच बोलू नये. मी ते कापून टाकलं.

निघताना मी माफीचा विषय काढला. ती म्हणाली, आत्ता नाही मामा. तिच्याच्याने हेडफोनची वायर गुंडाळवेना, तेव्हा तिने ती माझ्या हातात दिली. मी गुंडाळून होईपर्यंत दारात थांबली.

रागासकट लोभ असू दे.
तुझा भाऊ