विहिरीचं पिवळं पाणी

४ मार्च १९६३

आजही घागर पिवळी! परत पिराजी रंगाऱ्याच्या दारात गेले. म्हटलं, तुमच्या कढईचं पाणी विहिरीत उतरतंय, आम्ही प्यायचं काय? त्याची बायको कस्तुराबाई म्हणते, "जरा बघून बोला अक्का, या महिन्यात नुसता लाल रंग चाललाय आमचा." लाल काय नि पिवळा काय — रंगारी तेच की! पाडव्याला शालन बाळंतपणाला येणार. पहिलटकरीण पोर माझी. तिला हे पाजू?

७ मार्च

पिराजीचा थोरला भाऊ गेला. वाईट झालं. सुतकात ते रंगाला हात लावत नाहीत. विहीर तेवढी सुटेल.

१३ मार्च

कुठली सुटते! भट्टी थंड, कढया पालथ्या — स्वतः वाकून बघून आले. पाणी पिवळंच. उलट जास्त. मग येतंय कुठनं? डोकं चालत नाही. आमच्या ह्यांना विचारलं, तर मान वर न करता जेवत राहिले. म्हणाले, उन्हाळ्यात असंच होतं. मग इतके उन्हाळे कसं नाही झालं?

१६ मार्च

ह्यांचे कामाचे कपडे भिजवले. गल्लीच्या टोकाच्या वर्कशॉपात विमानाच्या बारीकसारीक भागांना मुलामा देतात हे, गंजू नयेत म्हणून. दर वेळी बादली पिवळी होते, मी ओतून देते. आज ओतली नाही. शेजारी विहिरीची घागर ठेवली.

एकच रंग.

कस्तुराबाईला बोलावून दाखवलं. तिनं दोन्हींत बोट बुडवून बघितलं. "हा आमचा नव्हे अक्का," एवढंच म्हणाली नि गेली. रागावली का? कळलं नाही.

१७ मार्च

विचारलं ह्यांना. मुलाम्याच्या टाकीतलं खराब पाणी वर्कशॉपामागच्या खड्ड्यात सोडतात म्हणे. साहेब सांगतात, माती गाळून घेते. परवाच चीनशी लढाई झाली, देशाला विमानं नकोत का म्हणे. हवीत की! मी कुठं नको म्हणते? पण हे स्वतःही तेच पाणी पितात, त्याच विहिरीचं, रोज! ह्याला काय म्हणायचं? कोण सोडतं ते पाणी, विचारलं — तर चप्पल घालून बाहेर गेले.

१९ मार्च

टाकीचं पाणी सोडायचा कॉक हेच फिरवतात. आज स्वतःच कबूल केलं.

ह्यांना सांगितलंय — पाडव्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीपर्यंत उत्तर द्या. कॉक बंद, की शालनला येऊ नको म्हणून कळवायचं? कळवायचं तर पत्र तुम्ही लिहायचं. कारणासकट.