समुद्रासाठी भाजलेली ढेप

बाबा, काकाला समुद्रावर न्यायचं मी ठरवलं होतं. तुम्ही दोघे भाऊ नळगंगा धरणाच्या काठावर बसून समुद्रात गळ टाकायच्या ज्या बाता मारायचात, त्याच. तो काठ मला आठवतो. रविवार आहे, गळाला लावायला तुम्ही सरकीच्या भाजलेल्या ढेपेत ज्वारीचं पीठ मळताय, आणि धरण किती खोल आहे हे मी पुन्हा पुन्हा विचारते आहे. तुम्ही वळूनही न बघता म्हणता, "काऊन वं बडबडून राह्यली? मासा बहिरा हाय का?" काका हसतो. "पुसू दे तिले, दादा. समुद्रात गेलो का तिलेच दोर सोडून खोली मोजाले लावू." मला राग आला होता. पुढे मी मोजमापाच्या यंत्रांचंच शिकले.

तुम्ही गेलात, आता काकाची फुफ्फुसं कामातून गेली आहेत. रोहिणखेडच्या घरात त्याच्या खाटेजवळ ऑक्सिजनचं मशीन सतत चालू असतं. दिवाळीत तो म्हणाला, "मले एक डाव समुद्रात गळ टाकू दे. मंग हे मशीन बंद केलं तरी चालते." मी मालवणकडच्या एका बोटवाल्याला फोन केला. सावलीची बोट, वारा कमी असतो ते महिने, खोल पाण्यापर्यंत जाऊन यायचा वेळ, तेवढा वेळ मशीन बॅटरीवर चालेल का, सगळं विचारलं, तपासलं. इकडे काकाने ढेप भाजून घेतली. बोटवाला हसत सुटला. "ताई, समुद्रात ढेप? हंयच्या माशाक मासोच व्हयो." काकाला हे सांगितलं तर म्हणतो, "त्याले म्हणा, तुया मासोळ्यायनं वऱ्हाडचा माल अजून चाखला नाही."

बॅटरीचं गणित जमलं होतं. डॉक्टर म्हणाले, समुद्र लांबच राहिला, तिथवरचा प्रवासच त्यांना झेपणार नाही, आणि यात आता सुधारणा नाही. मी अ‍ॅम्ब्युलन्स सुचवली, जास्तीची बॅटरी सुचवली. त्यांनी फाइल मिटून माझ्या हातात दिली. काल मी बोट रद्द केली.

काकाला माहीत नाही. रोज संध्याकाळी तो तिकडचा वारा विचारतो आणि मी फोनवर बघून सांगते. आजही विचारला. समुद्र शांत होता. मी आकडा वाढवून वाचला.

"मंग निंघाचं कवा वं?"

"वारा पडू द्या, काका."

त्याने मान हलवली, डोळे मिटले. माझ्या कामात चुकीचं वाचन मी कुणाचं खपवून घेत नाही. बोट रद्द केल्याचं त्याला कसं सांगायचं ती वाक्यं जुळवायला बसले होते, बाबा. तुम्हाला लिहीत गेले, कारण निघायचं कधी, हे तुम्ही विचारणार नाही.