जोंधळी काठ

आत्याबाई, आज नातू कागदांची चळत घेऊन आला आणि म्हणाला, "आजी, चादरीवर टाकायला काहीतरी नवं काढून दे की. दर महिन्याला नवं लागतंय गिऱ्हाइकाला." मी पेन्सिल घेऊन बसले खरी, पण हात काही हलेना. तुमचीच आठवण येत राहिली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता जाऊनही तीसेक वर्षं झाली, तेव्हा हे पत्र कुठं जाणार नाही हे मला कळतं. तरी लिहिते. तुमच्या देखत तर माझा निम्मा जन्म पदर सावरण्यातच गेला, बोलणार कधी?

मोहोळहून मी तुमची सून होऊन आले तेव्हा पंधरा-सोळाची होते आणि अंगात नको तेवढी मिजास होती. चौथी शिकलेली, त्यात रांगोळीचा हात चांगला, मग काय विचारता. भवानी पेठेतल्या त्या घरात पुढच्या सोप्यात दोन हातमाग. एकावर तुमचा लेक, दुसऱ्यावर तुम्ही. मामंजी गेल्यापासून घर तुमच्याच हातावर चाललेलं. आठवड्याला गाठोडं बांधून तुम्ही आगगाडीनं दुधनीच्या बाजाराला जायचात, आणि गाठोड्यातल्या प्रत्येक लुगड्याला तोच काठ. तांबड्या पट्टीवर बारके पिवळे दाणे, दोन्ही बाजूंनी एकेक रेघ. बायका त्याला जोंधळी काठ म्हणायच्या. मी यायच्या आधी पंधरा वर्षं तोच, मी आल्यावरही तोच. शेजारच्या तेलुगू घरांत नवेनवे काठ निघत होते, गिरणीच्या लुगड्यांवर तर विलायती रेशमाची फुलं चमकायला लागली होती. आपल्या बोळातला एक माग बंद पडला, मग दुसरा, आणि ती माणसं भोंगा झाला की गिरणीकडं पळायला लागली. आपलेही माग एक दिवस असेच उचलून ठेवावे लागणार, या धास्तीनं मला घास गोड लागत नव्हता. "आत्याबाई, काठ बदलू या की," असं मी एकदा धीर करून म्हणाले. तुम्ही चाकावर सुताची कांडी भरता भरता वर बघितलंत. "का? ह्यो चावतोय व्हय तुला?" एवढंच बोललात आणि परत चाकाकडं वळलात.

मग तुमच्या भावजयीच्या आजारपणात तुम्ही महिनाभर भावाकडं गेलात. मी गणिताच्या चौकटीच्या वहीत एक वेल काढली, प्रत्येक वळणाला एक कळी. चौकटी मोजून मोजून चार दिवस काढत होते. तुमचा लेक कागद बघून खूश झाला आणि लगेच घाबरलाही. "आई आली म्हंजे?" म्हणाला. मी म्हणाले, "त्या येईपर्यंत विकून होतील, मग काय बोलतील?" त्यानं मागावरच्या नक्षीच्या खुंट्या बदलल्या आणि दोन्ही मागांवर मिळून पाच लुगडी काढली. खोटं कशाला बोलू, सुंदर होती ती. आजही डोळे मिटले की ती वेल दिसते.

आम्ही दोघं दुधनीला गेलो. तुमच्या नेहमीच्या जागेवर, लिंबाखाली, गाठोडं सोडलं. बायका जमल्या. "अव्वा कुटं हाय?" असं आधी तुमच्याबद्दल विचारलं, मग लुगडी उलगडली. काठावरून बोटं फिरवली, एकीनं तर गालाला लावून बघितलं. "लई झ्याक हाय की." आणि नीट घडी घालून परत ठेवलं. दुसरी आली, तिनंही तेच केलं. दुपार कलली तरी पाचाची पाच लुगडी आमच्या पुढ्यात. तुमचा लेक दुसरीकडं बघत बसलेला, आणि मला रडू फुटायच्या बेतात. तेव्हा मेंढरं राखणारी एक बाई, तुमच्याच वयाची, माझ्यासमोर फतकल मारून बसली. आपल्या नेसत्या लुगड्याचा काठ माझ्या हातात देऊन म्हणाली, "ह्यात दांड कुटं हाय, सांग बरं."

दांड मला माहीत नव्हती असं नाही. लुगडं बसायच्या जागी विरतं, तेवढा भाग कापून टाकायचा आणि दोन लुगड्यांचे धड तुकडे जोडून एक करायचं, हे माझ्या माहेरीही चालायचं. पण माहेरच्या दांडा लांबून दिसायच्या. इकडचा काठ हिरवा, तिकडचा जांभळा, आणि मग बाई चारचौघींत ती जागा झाकत बसायची. हिच्या काठावरून मी दोनदा बोट फिरवलं. दाण्यापुढं दाणा, रेघेपुढं रेघ. मला काही सापडेना. बाई हसली. "निम्मं चार वर्सामागलं, निम्मं गेल्या साली घेतल्यालं. रंग काय, धुऊन धुऊन सारकाच व्हतो. काठ जुळाया पायजे. तुज्या सासूचं लुगडं घ्याचं म्हंजे निम्मं आदीच घरात असतंय. आता ह्ये तुजं येलाचं मी कशाला जोडू?"

आत्याबाई, मी तिथल्या तिथं मातीत जायची राहिले. मी समजत होते तुमच्या डोक्यात नवं काही येतच नाही म्हणून तुम्ही एकच काठ धरून बसलात. गिरणीचा नवा काठ पुढच्या सालापर्यंत जुना व्हायचा आणि कशालाच जुळायचा नाही. तुमचा मात्र दर साली आधीच्या सगळ्या सालांना जुळायचा. म्हणून तर त्या बायका पायी चालत लिंबाखाली यायच्या.

तुम्ही परत आलात ती सकाळ मला अजून दिसते. मी चुलीपुढं, परातीत पीठ, आणि तुम्ही उंबऱ्यात उभ्या. कोनाड्यातली पाच लुगडी तुम्ही बघितलीत. एक उलगडून वेल न्याहाळलीत, बराच वेळ. "हात चांगला हाय तुजा," म्हणालात. मला वाटलं वाचले. मग तुम्ही खाली बसलात आणि म्हणालात, "पर काढाया येतंय म्हून काढू ने. कुणाच्या अंगावर जानार हाय त्ये आदी बगावं." मी रडत रडत विचारलं, मग मला आधी सांगितलं का नाहीत? तुम्ही माझ्या हातातला पिठाचा गोळा घेऊन स्वतःच भाकरी थापायला लागलात. "दुसऱ्या बाईची दांड तोंडानं बोलून दावायची नसती. गिऱ्हाइकाची तर न्हाईच न्हाई." त्या पाचांतलं एक लुगडं तुम्ही मला नेसायला दिलंत, चार लेकी-भाच्यांना वाटून टाकलीत. तो विषय पुन्हा कधी काढला नाहीत. सासूच्या जागी दुसरी कुणी असती तर जन्मभर टोमणे मारले असते.

त्यानंतर मी तीच वही घेऊन पुन्हा बसले. दाणे मोजले. बायका कात्री लावायच्या तेव्हा कधी दाणा मधोमध कापला जायचा, मग दुसऱ्या तुकड्याशी भिडवताना ओढाताण व्हायची. मी तुमच्यापुढं वही ठेवली आणि म्हणाले, विरणाऱ्या भागाच्या अलीकडं-पलीकडं आडवा एकेक पिवळा दोरा घालू या, दाणा जिथं पुरा होतो तिथंच. त्या दोऱ्यावर कापलं की कुठलाही तुकडा कुठल्याही सालच्या तुकड्याला बसेल. तुम्ही वही उलटीसुलटी करून बघितलीत, मग लेकाला हाक मारलीत. "ही काय म्हनतीया ऐक." मला तेवढं पुरलं. पुढच्या वर्षी दुधनीच्या बायकांनी दोऱ्याचं लुगडं नाव सांगून मागितलं. एकोणीसशे तीस साल उजाडेपर्यंत आपल्या सोप्यात दोनाचे चार माग झाले, आणि बोळात मात्र हातमागाचा आवाज फक्त आपल्याच घरातून यायचा. पेठेतला एक व्यापारी येऊन लुगडं हातात धरून म्हणाला होता, "ह्यात नवीन काय आहे, बाई?" तुम्ही म्हणालात, "काय बी न्हाई. त्येच तर इकतोय." तो गेल्यावर आपण दोघी किती हसलो होतो.

आता दांड कुणी घालत नाही. नातसुना पाचवारी नेसतात आणि विटली की बोहारणीला देऊन टाकतात. नातवाची चादर पंधरा दिवसांत जुनी होते. तो चांगला आहे, राबतो, पण कुणाच्या अंगावर जाणार हे त्याला विचारलं तर तो घड्याळ बघतो. मला तुमची फार आठवण येते. एवढी येईल असं वाटलं नव्हतं.

आणि एक सांगायचं राहिलंय. तुम्ही गेलात त्या सकाळी नेसवायला मागावरूनच नवं लुगडं उतरवलं. बायका पाणी आणायला बाहेर गेल्या होत्या, तुमच्यापाशी मी एकटीच. नवं लुगडं पुरतं तुमच्याबरोबर जाणार, घरात तुमचं काही उरणार नाही, हे मला सोसेना. मेलेल्या माणसाचं काढून घेऊ नये हे मला ठाऊक होतं. तरी मी कात्री घेतली आणि अलीकडच्या दोऱ्यावर कापलं. मोठा तुकडा तुम्हाला नेसवला, लहान माझ्या पोलक्यांच्या खाली लपवला. कुणाच्या लक्षात आलं नाही. वर्षभरानं तो माझ्या लुगड्याला जोडला आणि विरेपर्यंत नेसले. आता त्यातलं जे उरलंय ते ट्रंकेत आहे, त्याच्याच घडीत हा कागद ठेवीन. कधी काढून काठावरून बोट फिरवते, पण तुमचं कुठं संपतं आणि माझं कुठं सुरू होतं ते मलाच सापडत नाही. तुम्ही अर्ध्या लुगड्यात गेलात, आत्याबाई, माझ्यामुळं. तिथं कुणाला सांगू नका. दुसऱ्या बाईची दांड बोलून दाखवायची नसते.