अपघाताचे कारण, एका वाक्यात

४ मार्च, मंगळवार
पडलो! म्हणजे उतरलो, पण कोबीत. ग्लायडरच्या पोटाला भोक, माझा गुडघा खरचटलेला, पुढच्या सीटवरल्या हिच्या केसांत कोबीची पानं. शेताची मालकीण धावत आली. वाटलं, पाणी आणलं असेल. "गड्डे काढायला आले होते हो, पण असे नव्हे!"
क्लबच्या चौकशी समितीचा फॉर्म संध्याकाळीच हजर. रकाना: अपघाताचे कारण (एका वाक्यात). एका वाक्यात! ज्या माणसाने नळाच्या गळक्या तोटीवर पावणेदोन तास सभा गाजवली, त्याच्याकडून एक वाक्य? पुरवणी जोडणार.

५ मार्च
पुरवणी झाली. अकरा पानं. मुख्य आरोपी — वारा. ही वाचून म्हणाली, "अहो, कसला वारा? मैदानावरची वाऱ्याची पिशवी मोज्यासारखी लोंबत होती!"
तपशिलात अडकायची हिला सवयच आहे.

६ मार्च
इथे, फक्त कागदाला, खरं सांगतो.
ग्लायडरमध्ये डाव्या हाताशी दोन दांडे. काळ्याने चाक आत-बाहेर होतं, निळ्याने पंखांवरचे ब्रेक उघडतात. उतरताना निळा ओढायचा. मी हिला रविवारचं भाषण ऐकवत होतो. विषय 'जबाबदारी'! "कोण घेणार ही जबाबदारी?" म्हणून डावा हात उंचावला, आणि खाली आला तो काळ्यावर. मग काय — ओढतोय, सोडतोय, चाक आत, चाक बाहेर, आत, बाहेर! वेग कमी व्हायचं नाव नाही. वायरलेसवर उड्डाणमास्तर ओरडताहेत, "निळा! निळा! अहो वक्ते, आवरा!"
आवरा! तीस वर्षं प्रत्येक सभेचा अध्यक्ष मला याच शब्दाची चिठ्ठी पाठवतो. तो शब्द कानावर पडला की माझा आवाज चढतो. चढला. धावपट्टी संपली. चाक नेमकं आत होतं.
"कोबी आला," एवढंच ही म्हणाली.

८ मार्च, शनिवार
जिंकलो! समितीपुढे अकराही पानं वाचली. अध्यक्षांनी डोळे पुसले. परवाना शाबूत!
मग निर्णयाचा दुसरा भाग वाचला गेला. असल्या वाऱ्यात उडू दिलं म्हणून मास्तरांना सोमवारपासून कामावरून कमी करणार. मास्तर बाहेर भेटले. "छान बोललात, वक्ते. मलासुद्धा वाटायला लागलं, वारा होता."

९ मार्च
जेवण जात नाही. सभेला गेलो नाही. 'जबाबदारी'वर बोलणार तरी कोणत्या तोंडाने?

१० मार्च, सोमवार
समितीपुढे पुन्हा उभा राहिलो. म्हणालो, "भाषण करताना उचललेला माझा हात चुकीच्या दांड्यावर पडला, वारा नव्हता."
आणि खाली बसलो. अध्यक्ष पेन धरून थांबलेले, पुढचं येईल म्हणून. शेवटी त्यांनीच विचारलं, "बस?"
बस.
मास्तर राहिले. परवाना गेला. घरी येताना हिने माझा हात धरला, डावा. "आज पहिल्यांदा तुमचं भाषण पूर्ण ऐकलं," म्हणाली.

२१ सप्टेंबर, रविवार
मास्तरांकडे शिकून ही आज पहिल्यांदा एकटी उडाली. बावीस मिनिटं. मास्तरांनी वायरलेसचा माइक माझ्यापुढे धरला, "बोला की, वक्ते!"
माइक हातात घेतला, आणि ती उतरेपर्यंत बटण दाबायचं राहूनच गेलं.