तारकागुच्छाचे भांडण कोणाच्या वाट्याला

वेधशाळेचा घुमट फिरू लागला की त्याची चाके आधी कण्हत आणि मग ताल धरत. त्या तालावर मी शाळेतल्या कविता म्हणत असे. तो आवाज अजून कानात आहे, म्हणजे डोके ठिकाणावर आहे. सबब, वेधशाळेतून निवृत्त झालेला मी, राजीखुशीने आणि कोणाच्याही धाकाविना, पुढील व्यवस्था लिहून ठेवतो.

कलम एक. घर व शिल्लक मुलीची. शिल्लक फार बघण्यासारखी नाही; घराला उजेड मात्र भरपूर.

कलम दोन. कवितांची पुस्तके नातीला. तिने ती मनात नव्हे, मोठ्याने, चालीवर वाचावीत. शेजारी तक्रार करतील, करू द्यावी.

कलम तीन. दुर्बीण. इथे जरा सविस्तर. एका म्हाताऱ्या तारकागुच्छातून क्ष-किरण येतात. त्याच्या प्रकाशाचे रंग सुटे केले तेव्हा ऑक्सिजनच्या ठसठशीत उजळ रेषा दिसल्या. हायड्रोजनची एकही नाही. विश्वात जिकडेतिकडे हायड्रोजन, आणि इथेच दुष्काळ! माझे मेहुणे, तेव्हाचे सहकारी, यांनी त्या रेषा आपल्याच पृथ्वीच्या हवेचा उजेड समजून नोंदीतून पुसून टाकल्या. मी त्या परत आणल्या. माझे म्हणणे असे की तिथले कृष्णविवर एका श्वेतबटूला, म्हणजे हायड्रोजन कधीच जाळून बसलेल्या ताऱ्याला, ओरबाडते आहे. उडालेला ऑक्सिजन क्ष-किरणांनी तापून उजळतो. मेहुणे म्हणाले, "दाजी, ही कविता झाली. हायड्रोजन आहे तिथे. शोधून दाखवतो." त्यानंतर ते या घराची पायरी चढले नाहीत. तरी दुर्बीण मुलीला; मेहुण्यांना तिच्या भिंगाला बोटही लावू देऊ नये.

हे वाचून मुलगी म्हणाली, "बाबा, दुर्बीण घेते. मामाचं भांडण नाही घेणार. ते जाताना तुम्हीच घेऊन जा."

"तिकडे कुठे ठेवू?"

"मग इथेच मिटवा."

बरोबर आहे तिचे. पण आधी फोन कोणी करायचा?

इथवर लिहिले आणि घंटा वाजली. शेजारचे दंतवैद्य साक्षीसाठी आले होते, त्यांनीच दार उघडले. दारात मेहुणे! केस पांढरे, धाप लागलेली.

"दाजी, नाही सापडला हो! मोठ्या दुर्बिणीतूनही पाहिलं. हायड्रोजनचा मागमूस नाही. ओरबाडतंय बघा तुमचं कृष्णविवर!"

दंतवैद्यांनी त्यांच्यापुढे पेन धरले. "बरं झालं आलात. दुसरा साक्षीदार हवाच होता."

पेन मी काढून घेतले. ज्याला वाटा मिळणार, त्याने साक्ष द्यायची नसते.

कलम तीन, सुधारित. दुर्बीण मुलगी आणि तिचा मामा, दोघांची मिळून.

सही: लिहून ठेवणार

स्थळ: राहते घर, वरची खोली

दिनांक: आजचाच, मेहुणे आले तो

साक्षीदार एक: शेजारचे दंतवैद्य

साक्षीदार दोन: कोणीतरी परका शोधावा लागेल